पुण्याची पंगत आणि पुण्याचे बाकडे



पुण्यात उत्तम मिसळ कोठे मिळते, असे चार पुणेकरांना विचारले तर पाच उत्तरे मिळतात. आणि पाचवे उत्तर, ‘आता ती कोठेच मिळत नाही’ असे असते. हे पाचवे उत्तर देणाऱ्यांच्या वयाला आम्ही आता पोहोचलो आहोत. ऐंशी ओलांडली, आणि त्यांतली जवळजवळ सगळी वर्षे याच गावात गेली. नारायण पेठेतल्या वाड्यात जन्म, तेथून चालत शाळा, चालत कॉलेज आणि पुढे सायकलवर नोकरी. त्यामुळे कोणत्या दुकानात वजन नीट मिळते, कोणत्या खानावळीची आमटी पातळ आणि कोणत्या हॉटेलातला वेटर मनकवडा, याविषयी आमची मते पुष्कळ आहेत, आणि ती कोणी विचारण्याची वाट पाहण्याची आम्हांला सवय नाही. परंतु व्याख्यानाला बोलावल्यावर नुसत्या मतांनी भागत नाही. ती मते कोठून आली हे सांगावे लागते. म्हणून आज थोडा इतिहास सांगणार आहोत.

कोणी म्हणेल, शनिवारवाडा सोडून, खडकीची लढाई सोडून, चहाच्या कपाचा इतिहास कशाला? त्यांना आमचे उत्तर असे की, गावावर राज्य कोणी केले हे बखरींतून आणि दप्तरांतून कळते. परंतु त्या गावात कोण कोणाच्या शेजारी बसू शकत होता, हे पाहायचे तर जेथे माणसे जेवतात तेथेच जावे लागते. पुण्याच्या गेल्या दोन-अडीचशे वर्षांत याहून मोठी घडामोड दुसरी झालेली नाही, असे आमचे मत आहे. ते पटते की नाही, हे आपण शेवटी ठरवावे.

आरंभ दुकानांपासून करू. पुण्याच्या पेठा म्हणजे मुळात बाजारच. नवी पेठ वसवायची म्हणजे सरकारने एखाद्या शेट्याला कौल द्यायचा, काही वर्षे कर माफ करायचे, आणि त्याने बाहेरून वाणी, उदमी, कारागीर आणून घरे बांधवायची. पेठांना वारांची नावे मिळण्यापूर्वी त्यांची नावे वेगळी होती. शनिवार पेठ ही मुर्तझाबाद आणि रविवार पेठ ही मलकापूर होती. पेशवाईत गाव वाढत गेले; पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव पेठ झाली, नारायणरावांच्या नावाने नारायण पेठ झाली. कसब्यात तांबट आळी, रविवारात बोहरी आळी, कापडाचे कापडगंज, अशी एकेका धंद्याची एकेक गल्ली बसली. तांबट आळीतला ठोक्यांचा आवाज आमच्या लहानपणी लांबून ऐकू येई, आणि रस्ता विचारणाऱ्याला आम्ही ‘आवाजाच्या दिशेने जा’ असे सांगत असू.

म्हणजे बाजार होता, आणि भरभराटीचा होता. परंतु पैसे देऊन कोणीही आत यावे आणि पान वाढून घ्यावे, अशी जागा सापडणे कठीण होते. याचे कारण गरिबी किंवा श्रीमंती यात नव्हते. कोरडा शिधा आणि शिजलेले अन्न यांत आपल्या समाजाने मोठा फरक केला होता. तांदूळ, डाळ, गूळ हे कोणत्याही वाण्याकडून घेता येत होते. पण त्याच तांदळाचा भात झाला की तो कोणी शिजवला, कोणी वाढला आणि पंगतीला शेजारी कोण बसले, हे प्रश्न उभे राहत. परगावचा माणूस धर्मशाळेत उतरे, तीन दगडांची चूल मांडून स्वतः शिजवी. भिक्षुकांना श्रावणात पर्वतीच्या रमण्यात दक्षिणा मिळे, देवस्थानांत भोजने होत; परंतु त्या पंगतींना जातीची कड असे. बाजारात माणसे मिसळत, पंगतीत वेगळी होत. आणि ज्यांना अस्पृश्य ठरवले होते त्यांना तर बाजारातही दुकानाच्या पायरीखाली उभे राहावे लागे.

१८१७ साली खडकीला लढाई झाली, पेशवाई गेली, आणि नदीच्या अलीकडे जुने पुणे व पूर्वेला लष्कर अशी दोन गावे शेजारी शेजारी नांदू लागली. लष्करात पारशी आले, बोहरी आले, गोव्याहून पाववाले आणि शिंपी आले. १८५८ मध्ये मुंबईची आगगाडी पुण्याला लागली. पुढे १८७८ मध्ये लष्करात दोराबजींनी चहा आणि मस्कापाव देणारे लहानसे दुकान काढले. ते वाढत वाढत पारशी जेवणाचे प्रसिद्ध उपाहारगृह झाले. पेठेतला माणूस लष्करात कापड आणायला जाई, काचसामान आणायला जाई. पाव मात्र खात नसे, किंवा खाल्ला तर बोलत नसे. आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत ‘लष्करात जाऊन आला’ या तीन शब्दांत एक मोघम आरोप असे.

याच काळात पेठेत दोन गोष्टी घडल्या. १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाणी ही तर खाण्यापिण्याची पहिली पायरी. दुसरी गोष्ट मंडईची. भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. त्यासाठी मोठी इमारत बांधावी असा विचार नगरपालिकेत निघाला. जोतीराव १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सभासद होते. त्यांनी या खर्चाला विरोध केला; हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. विरोध चालला नाही. १८८६ मध्ये अष्टकोनी मनोऱ्याची ती देखणी इमारत उभी राहिली आणि गव्हर्नर रे यांचे नाव तिला मिळाले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तेच नाव बदलून महात्मा फुले मंडई झाले. ज्या इमारतीला विरोध केला तिलाच आपले नाव मिळाले, हे जोतीरावांना कळते तर त्यांना हसू आले असते की राग आला असता, याचा विचार आम्ही मंडईत वांगी निवडताना अनेकदा केला आहे. आमचे मत विचाराल तर नाव योग्य जागी पडले. गाळ्यावरची बाई आपले आडनाव विचारत नाही, ‘सुटे आहेत का’ एवढेच विचारते. मात्र शाळेविषयी त्यांनी जे म्हटले होते ते अजून संपलेले नाही.

आता १८९० सालच्या चहाकडे येऊ. ही हकिकत आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल, तरी ती या व्यासपीठावरून पुन्हा सांगण्यासारखी आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने गावातील प्रतिष्ठित मंडळींना बोलावणे गेले. ते जमवून आणण्यात गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांचा पुढाकार होता. व्याख्यान झाले, आणि पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता कपाला हात लावला. मंडळी घरी गेली. नंतर गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. सुधारक आणि त्यांचे विरोधक एकाच यादीत सापडले! गावात गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, आणि प्रायश्चित्ताचा निर्णय आला. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतले, आणि त्यामुळे त्यांच्याच सुधारक मित्रांचा रोष त्यांनी ओढवून घेतला.

रानडे कोण? ज्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, ते. एका बाजूला हा मनुष्य सांगतो की वर्षातून काही दिवस सर्वांनी एकत्र बसून ऐकावे, विचार करावा. आणि दुसऱ्या बाजूला त्याच मनुष्याला, एकत्र बसून चहा घेतल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागते. आम्ही याबद्दल रानड्यांना दोष देत नाही. आमच्या तरुणपणी दिला होता, फार मोठ्या आवाजात दिला होता. पुढे आमच्याच हातून जे घडले, ते थोड्या वेळाने सांगतो, त्यानंतर तो आवाज बसला. त्या काळी एकत्र ऐकणे सोपे होते. एकत्र खाणे अवघड होते, एवढेच येथे ध्यानात ठेवू.

मग हे बदलले कसे? उपदेशाने थोडे बदलले, गरजेने फार बदलले. १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले. शाळा, कचेऱ्या, छापखाने वाढले. बाहेरगावचे विद्यार्थी आणि कारकून पुण्यात येऊ लागले. गरीब विद्यार्थी माधुकरी मागत, नाहीतर वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. ज्यांना महिन्याकाठी चार पैसे परवडत त्यांच्यासाठी खानावळी निघाल्या. त्यांतल्या कित्येक खानावळी एखाद्या विधवा बाईने आपल्या स्वयंपाकघरातच सुरू केलेल्या असत. नवरा गेला, पदरी मुले, शिक्षण नाही. हाताला चव तेवढी होती. त्या चवीवर तिने मुले शिकवली. पुण्याच्या खानावळींचा इतिहास लिहिताना टिळक रस्त्यावरच्या बादशाहीसारख्या नामांकित बोर्डिंगांची नावे येतील आणि यावीत. पण या बायकांच्या दारावर पाटीसुद्धा नव्हती, म्हणून त्या राहून जाऊ नयेत.

खानावळीची एक निराळीच भाषा होती. जेवणाराला ‘मेंबर’ म्हणत. एखादे दिवशी जेवायचे नसेल तर आदल्या दिवशी ‘खाडा’ सांगावा लागे, म्हणजे तेवढे पैसे वजा होत. रविवारी ‘फीस्ट’. फीस्टला श्रीखंड असेल तर शनिवारी रात्री मेंबरांची भूक मंदावे. वाढपी ‘आमटी, आमटी’ असे म्हणत इतक्या वेगाने जाई, की हाक ऐकून वाटी पुढे करीपर्यंत तो चौथ्या पानावर पोहोचलेला असे. आम्ही पुण्याचे असूनही, आई आजारी असताना, १९५९ साली काही महिने असे मेंबर होतो. त्या खानावळीचे नाव येथे सांगत नाही. ती आता नाही, आणि तिची आमटी चांगली होती.

आमच्या वर्गात सोलापूरकडच्या एका खेड्यातून आलेला विद्यार्थी होता. गणितात आमच्यापेक्षा पुष्कळ पुढे. त्याला जेवणाची सोय हवी होती, म्हणून आम्ही मोठ्या ऐटीत त्याला आमच्या खानावळीत घेऊन गेलो. मालकांनी नाव विचारले, मग आडनाव विचारले, मग गाव विचारले, आणि मग वडील काय करतात हे विचारले. चार प्रश्न झाल्यावर ते अगदी सौम्यपणे म्हणाले, ‘सध्या जागा नाही हो.’ त्यांच्या मागच्या भिंतीवर खडूने ‘नवीन मेंबर घेणे चालू आहे’ असे लिहिले होते. ते त्यानेही वाचले, आम्हीही वाचले. आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तेथे जेवायला गेलो. पुढचे तीन महिनेही गेलो.

त्या वेळी कायदा कोणत्या बाजूला होता? १९५० साली अमलात आलेल्या आपल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिले आहे की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव यांत मज्जाव करता येणार नाही. देशाच्या सर्वोच्च कायद्यात दुकानाचा आणि उपाहारगृहाचा नावानिशी उल्लेख आहे, यातच सारे आले. आणि १९५५ साली अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा सांगणारा कायदाही झाला होता. त्याच्याही आधी, १९२९ साली, याच गावात पर्वतीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून सत्याग्रह झाला होता, शिवराम जानबा कांबळे, न. वि. गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखी माणसे त्यात उतरली होती, आणि सत्याग्रहींवर दगड पडले होते. हे सगळे आम्ही पाठ केले होते; परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते. पाटावर बसताना मात्र आठवले नाही. म्हणून म्हणतो, रानड्यांविषयीचा आमचा आवाज त्यानंतर बसला.

आमचा तो मित्र मग कोठे जेवला? इराण्याकडे. इराणचे हे लोक, काही झरतुष्ट्री, काही मुसलमान, मुंबईमार्गे पुण्यात आले आणि त्यांनी चौकाचौकांतले कोपरे धरले. कोपऱ्याची जागा धंद्याला अशुभ म्हणून इतर व्यापारी घेत नसत आणि म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळे, असे सांगतात. संगमरवरी टेबल, काळ्या लाकडाच्या वाकवलेल्या पाठीच्या खुर्च्या, भिंतीला मोठे आरसे, गल्ल्यापाशी बिस्किटांच्या बरण्या. डेक्कन जिमखान्यावरचे गुडलक १९३५ सालचे. आजही चालू आहे. त्याच्या जवळचे लकी आता नाही, आणि त्याविषयी हळहळणाऱ्यांची संख्या त्यातल्या खुर्च्यांपेक्षा मोठी आहे. इराण्याच्या भिंतीवर सूचना पुष्कळ असत: केस विंचरू नये, मोठ्याने बोलू नये, फार वेळ बसू नये. त्यांत आडनावाविषयी एकही सूचना नसे. एक कप चहावर दोन तास बसणाऱ्या आमच्यासारख्यांवर मालकाचा डोळा असे. पण शेजारी कोण बसला आहे यावर नसे. पेठेतली बडी मंडळीही तेथे येत. आमचे वडील तर इराण्याचा चहा पिऊन, घरी शिरण्यापूर्वी अंगणातल्या नळावर खळखळून चूळ भरत. आजी आतून विचारी, ‘आज दात दुखतो का रे?’ तिला सर्व ठाऊक होते, असे आता वाटते.

पेठांच्या आत दुसरी सोय झाली होती, ती अमृततुल्यांची. ही दुकाने बहुधा राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांची. दारातच पितळी स्टोव्ह, त्यावर पितळी पातेले, खलबत्त्यात कुटलेली वेलची, आणि फडक्यातून गाळलेला चहा. ब्राह्मणाच्या हातचा चहा म्हणून जुन्या लोकांनाही तो चालला. पण दुकानापुढचे बाकडे तीन हातांचे! त्यावर वकील, हमाल, भटजी आणि पोस्टमन यांनी खांद्याला खांदा लावूनच बसावे लागे, नाहीतर उभे राहावे लागे. ज्या गावात १८९० साली चहाबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागले, त्याच गावाने पुढे चहाला अमृताची उपमा देऊन तिची पाटी रस्त्यावर लावली. पंगतीत अंतर राखता येते, बाकड्यावर ते राखायला जागा नसते. आमच्या मते पुण्याच्या सुधारणेत या बाकड्याचा वाटा कोणत्याही ठरावापेक्षा कमी नाही.

याच सुमारास हॉटेलांचा धंदा घरंदाज होऊ लागला. १९३५ मध्ये मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस काढले. नाटक-सिनेमातल्या मंडळींचे ते घरच झाले. १९५० साली चितळे बंधूंनी मिठाईचे दुकान थाटले. १९५५ मध्ये लष्करात ईस्ट स्ट्रीटवर कयानी बेकरी सुरू झाली, आणि ‘लष्करात जाऊन आला’ या आरोपाचे हळूहळू ‘येताना श्रूजबरी आण’ या विनंतीत रूपांतर झाले. १९५०च्या आगेमागे दक्षिण कानड्यातून आलेल्या शेट्टी मंडळींनी इडली-डोसा आणला. फर्ग्युसन रस्त्यावरची रूपाली आणि वैशाली त्यांतलीच. त्यांची आरंभीची नावे कॅफे मद्रास आणि मद्रास हेल्थ होम अशी होती. पदार्थ सर्वांनाच नवा असल्यामुळे तो कोणाच्या घरचा, कोणाच्या जातीचा, हा प्रश्न निघाला नाही. आणि आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी बाईमाणसाने हॉटेलात जायचे तर पडदा लावलेल्या ‘फॅमिली रूम’मध्ये, तेही यजमानांबरोबर. कॉलेजातल्या मुली फर्ग्युसन रस्त्यावर आपापसांत, आपल्या पैशांनी, उघड्यावर बसून कॉफी घेऊ लागल्या तेव्हा गावात कुजबुज झाली. कुजबुज करणाऱ्यांत आम्हीही होतो. मात्र ती आम्ही शेजारच्या टेबलावर बसून करीत होतो.

१९६१ सालच्या जुलैची बारा तारीख आमच्या पिढीला विसरता येणार नाही. पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला, आणि दिवसाउजेडी नदी पेठांत शिरली. आमच्या वाड्याच्या पहिल्या मजल्याला पाणी लागले. ते उतरल्यावर राहिला तो चिखल. आमचे बिऱ्हाड एका शाळेत गेले. तेथे व्हरांड्यात पंगती बसत आणि येईल तो येईल त्याच्या शेजारी बसे. आमच्या आजीने आयुष्यात प्रथमच, वाढणारा कोण हे न विचारता, दोन दिवस पिठले-भात खाल्ला. चांगले होते, असेही म्हणाली. घर धुऊन परत गेल्यावर तिचे सोवळे पुन्हा सुरू झाले. परंतु पूर्वीचा कडकपणा त्यात राहिला नाही. कोणी त्याविषयी बोलले की ती म्हणे, ‘पुरात वाहून गेले थोडे.’

त्याच पुरात आमच्या वाण्याची उधारीची वही गेली. पेठेतल्या निम्म्या घरांचा महिन्याचा हिशेब त्या लाल वहीत होता. दुकान पुन्हा उघडले तेव्हा लोक आपण होऊन आले आणि आपले किती देणे होते ते सांगून गेले. सगळे आले असे आम्ही म्हणणार नाही. कोण आले नाही हे वाण्याला वहीशिवाय ठाऊक होते, आणि त्याने ते कोणाला सांगितले नाही. जुन्या दुकानदारीत जे मोलाचे होते ते हेच. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही एकमेकांच्या नजरेखाली राहत होते.

पुण्याच्या दुकानदाराची थट्टा करण्याचा प्रघात आहे. एक ते चार दुकान बंद, पाट्यांवर सूचना, गिऱ्हाइकाकडे दुर्लक्ष. थट्टा आम्हीही करतो, पण घरातल्या माणसाची करावी तशी. दुकान खाली आणि बिऱ्हाड वर, घरातलीच माणसे गल्ल्यावर. त्यांनी दुपारी जेवून घटकाभर पडायचे नाही तर कोणी? २०१७ साली चितळ्यांनी दुपारीही दुकान उघडे ठेवण्याचे ठरवले तेव्हा त्याची बातमी झाली. सोय झाली हे खरे. आम्ही स्वतः दुपारी अडीच वाजता बाकरवडी आणून पाहिली, आणि ती नेहमीसारखीच लागली. तरी ज्या गावात दुकानदाराला दुपारी झोपण्याचा हक्क होता, त्या गावाविषयी आमच्या मनात आदर आहे.

आता आजच्या गावाविषयी. तुळशीबागेत पाय ठेवायला जागा नसते, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांपेक्षा वाहने अधिक दिसतात, आणि ज्या रस्त्याने आम्ही सायकल चालवीत गेलो तेथे चालणेही कठीण झाले आहे. ही सर्व तक्रार आपण रोज करतो, म्हणून ती लांबवीत नाही. जुने सर्व चांगले होते असे म्हणण्याचा मोह होतो, तेव्हा आम्ही ती खडूने लिहिलेली पाटी आठवतो. आज पुण्यातल्या कोणत्याही हॉटेलात कोणी आडनाव विचारून मेंबर घेत नाही. हे मिळायला जोतीरावांच्या हौदापासून गुडलकच्या टेबलापर्यंत किती वर्षे लागली, ते आपण आताच पाहिले. राहायला जागा भाड्याने घेताना मात्र आडनाव अजून विचारले जाते, हेही आपणांस ठाऊक आहे.

आमची चिंता निराळी आहे. अलीकडे माणूस हॉटेलात जाण्याऐवजी हॉटेलच माणसाच्या घरी येते. पाठीवर मोठी पेटी घेतलेला मुलगा दुचाकीवरून येतो, घंटा वाजवतो, पुडके देतो आणि जातो. आमच्या नातवाच्या इमारतीत एक पाटी आहे: ‘सामान पोहोचवणाऱ्यांनी मागील लिफ्ट वापरावी.’ अशा पाट्या इतरत्रही दिसतात. पाटी शुद्ध मराठीत आहे, अक्षर वळणदार आहे, आणि जातीचा त्यात उल्लेख नाही. तरीही ती वाचताना आम्हांला दुकानाच्या पायरीखाली उभे राहणारी माणसे आठवली. हीच मुले भर उन्हात उपाहारगृहाच्या दाराशी आपला पुकारा होण्याची वाट पाहत फुटपाथच्या कडेला बसलेली असतात. आत खुर्च्या रिकाम्या असतात. शिजलेले अन्न त्यांच्या हातून घ्यायला आज कोणाची हरकत नाही. शेजारी बसायला मात्र आहे, असे दिसते.

या वेळी आम्ही गप्प बसायचे नाही असे ठरवले. इमारतीच्या सभेत नातवाला त्या पाटीविषयी बोलायला लावले. पहिल्या सभेत विषय पुढे ढकलला गेला. दुसऱ्या सभेत वादावादी झाली. पाटी अजून तेथेच आहे. परंतु खालच्या मजल्यावरच्या एका वकीलबाईंनी जिन्यापाशी एक जुने बाकडे आणून ठेवले आहे आणि त्यावर पिण्याच्या पाण्याचा माठ. मुले तेथे टेकतात, पाणी पितात. परवा आम्ही खाली उतरलो तेव्हा दम लागला म्हणून त्याच बाकड्यावर बसलो. शेजारचा मुलगा बीडकडचा निघाला. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने आम्हांला विचारले, ‘आजोबा, पुण्यात चांगली मिसळ कुठं मिळते?’

आम्ही त्याला आमचे मत सांगितले. ते सांगायला अर्धा तास लागला, आणि त्याला उशीर झाला. त्याबद्दल ज्यांचे जेवण त्या दिवशी थंड झाले त्यांची आम्ही येथून क्षमा मागतो.